सी विंगला वेगळे व्हायचे आहे: कर्वेनगरमधल्या एका सोसायटीचे मतदान

एका आवारात तीन इमारती. ए आणि बी या १९८० च्या दशकातल्या, तळमजला अधिक तीन मजले, लिफ्ट नाही, प्रत्येकी २४ सदनिका. सी विंग त्याच भूखंडावर वीसेक वर्षांनी उभी राहिली: सात मजले, लिफ्ट, २० सदनिका. नोंदणी मात्र एकच, जमीन सोसायटीच्या नावावर आणि सभासद ६८. (ओळख पटू नये म्हणून काही खुणा आणि आकडे बदलले आहेत. पेच होता तसाच ठेवला आहे.)

ए आणि बी मधली गच्ची दर पावसाळ्यात गळते, ड्रेनेजच्या लाइनी सडल्या आहेत आणि तिसऱ्या मजल्यावरचे ज्येष्ठ डॉक्टरकडे जाण्यापुरतेच खाली उतरतात. त्यांना रिडेव्हलपमेंट हवी आहे, आणि त्यांची गरज खरी आहे. विकसकाचा प्रस्ताव आला तो अख्खा भूखंड धरून: तिन्ही इमारती पाडायच्या. सी विंगमधल्या अनेकांचे गृहकर्जाचे हप्ते अजून चालू आहेत. चांगली उभी इमारत पाडून तीन-चार वर्षे भाड्याच्या घरात का जायचे, हा त्यांचा प्रश्नही तितकाच खरा.

शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या निर्णयानुसार पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते. पूर्वी ही अट तीन-चतुर्थांशाची होती. ६८ सभासदांत ५१ टक्के म्हणजे ३५. ए आणि बी मिळून ४८. सी विंगमधले वीसच्या वीस जण विरोधात गेले तरी त्यांची इमारत पाडण्याचा ठराव रीतसर मंजूर होऊ शकतो.

म्हणून सी विंगने मागणी केली, आम्हाला वेगळी सोसायटी करून द्या. सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १७ प्रमाणे संस्थेचे विभाजन करता येते, पण त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभेत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश लागतात. तिथेही सी विंगचे वीस जण एकटे काही करू शकत नाहीत. राहिले तर बहुमताखाली राहायचे, आणि निघायचे तर त्याच बहुमताला विचारून.

मी या सोसायटीत राहत नाही. राज्यशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी झाली, म्हणून दोन्ही बाजूंना चालेल असा तटस्थ माणूस म्हणून कमिटीने मला बोलावले. सभा पार्किंगमध्ये भरायच्या, आणि आवारातला हा वाद देशोदेशींच्या सार्वमतांपर्यंत जाऊन पोचला.

मत कोणाचे घ्यायचे?

सी विंगचे पहिले म्हणणे सरळ होते. "वेगळे आम्हाला व्हायचे आहे, तर मत आमचेच घ्या." त्यावर बी विंगमधले सचिव म्हणाले, "अहो, जमीन सगळ्यांची आहे. तुमचा तुकडा गेला की आमच्या एफएसआयचे, म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल त्याचे, गणित बदलते. आम्हाला विचारायचेच नाही का?"

जगातले प्रत्येक स्वातंत्र्याचे सार्वमत आधी इथेच अडते. २०१४ मध्ये स्कॉटलंडने स्वतंत्र व्हावे का हे विचारले गेले तेव्हा मत फक्त स्कॉटलंडच्या रहिवाशांना होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनाही होते, पण लंडनमध्ये राहणाऱ्या स्कॉटिश माणसाला नव्हते, इंग्लंड-वेल्सच्या लोकांनाही नव्हते. ५५.३ टक्क्यांनी 'नाही' म्हटले आणि निकालावर फारशी खळखळ झाली नाही, कारण मतदार कोण हे लंडन आणि एडिंबरा यांनी २०१२ मध्येच लिहून ठरवले होते. आपल्याकडे राज्य वेगळे करण्याचा अधिकार घटनेच्या कलम ३ ने संसदेला दिला आहे, विधानसभेचे फक्त मत विचारले जाते. आंध्र प्रदेशच्या विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विभाजनाचे विधेयक फेटाळले, तरी २ जूनला तेलंगणा झाले. सी विंगमधली कायद्याची एक विद्यार्थिनी हेच सांगत होती: अख्ख्या आंध्रचे मत निर्णायक मानले असते तर तेलंगणा झालेच नसते.

या चर्चेत सर्वात नेमके बोलले ते ए विंगमधले, मूळचे बेळगावचे एक काका. सीमाप्रश्न त्यांच्या घरातच वाढलेला. महाराष्ट्राने कायम धरलेले पाटसकर सूत्र त्यांना तोंडपाठ होते: खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकेच्छा. "यातला सगळा जीव 'खेडे हा घटक' यात आहे," ते म्हणाले. "घटक तालुका धरा, निकाल वेगळा. जिल्हा धरा, आणखी वेगळा. मतं तीच, माणसं तीच. मग आता सांगा, इथे घटक कोणता? सोसायटी की विंग? आणि विंग असेल तर मजला का नाही?"

मजल्याचा मुद्दा कोणी हसण्यावारी नेला नाही, कारण सी विंगमध्येच तीन कुटुंबांना रिडेव्हलपमेंट हवी होती. सी वेगळी झाली की ती तीन घरे नव्या बहुमताखाली येणार. १९९५ मध्ये कॅनडातून वेगळे होण्याच्या क्युबेक प्रांताच्या सार्वमताला अवघे काही दिवस उरले असताना तिथल्या उत्तरेच्या क्री या मूळ रहिवासी लोकांनी स्वतःचे सार्वमत घेतले आणि ९६ टक्क्यांहून जास्त लोकांनी कॅनडातच राहण्याचा कौल दिला. क्युबेकला कॅनडातून निघण्याचा हक्क असेल तर आम्हाला क्युबेकमधून का नसावा, असा त्यांचा सवाल होता. अखेर क्युबेकचा प्रस्तावच पडला, तोही ५०.५८ विरुद्ध ४९.४२ टक्के अशा फरकाने, त्यामुळे क्री लोकांच्या सवालाचा निकाल लागायची वेळ आली नाही.

आम्ही ठरवले ते असे: कायद्याचे मतदान सगळ्या ६८ जणांचे, पण सी विंगची मते वेगळी मोजायची. सी विंगमध्येच विभाजनाला बहुमत नसेल तर विषय तिथेच बंद. ऑस्ट्रेलियात आणि स्वित्झर्लंडमध्ये घटनादुरुस्तीला असे दुहेरी बहुमत लागते, एकूण मतदारांचे आणि घटकराज्यांचेही. हे लेखी ठरले आणि त्याखाली तिन्ही विंगच्या प्रतिनिधींच्या सह्या झाल्या. मतमोजणीच्या आधी मिळालेल्या या सह्या मला पुढच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोलाच्या वाटतात.

मतदारयादीत आणखी एक गाठ होती. एका सभासदाला एकच मत, आणि प्रॉक्सी चालत नाही. सदनिका दोघांच्या नावावर असेल तर मत पहिल्या नावाचे, तो गैरहजर असेल तर सहयोगी सभासदाचे. बी विंगमधल्या एक बाई उठून म्हणाल्या, "हप्ता मी भरते, मेंटेनन्स मी भरते, शेअर सर्टिफिकेटवर पहिले नाव यांचे आहे. इतकी वर्षे माझे मत कुठे गेले?" त्यांना उत्तर देण्यासारखे कोणाकडे काही नव्हते. कायद्याच्या मतदानात आम्हाला ते बदलता येत नव्हते. पण त्याआधी, फक्त लोकांचा कल कळावा म्हणून, आम्ही एक कल चाचणी घेणार होतो. तीत मात्र घरटी एक कागद, आणि तो घरातल्यांनी मिळून भरायचा, असे केले.

प्रश्नात काय नाही

कमिटीने तयार केलेला प्रश्न होता: 'सोसायटीच्या हितासाठी होणाऱ्या पुनर्विकासास आपली संमती आहे का?' सी विंगचा होता: 'सी विंगची इमारत सुरक्षित राहण्यासाठी स्वतंत्र सोसायटी करावी का?' दोन्ही प्रश्नांत उत्तर भरलेलेच होते. स्कॉटलंडमध्येही मूळ मसुद्यात 'आपण सहमत आहात का' असे शब्द होते. त्याने मतदार होकाराकडे झुकतो म्हणून निवडणूक आयोगाने ते काढायला लावले.

पण शब्दांपेक्षा मोठा दोष पर्यायांत असतो. त्यासाठी मी सभेत गोव्याचा जनमत कौल मांडला. मराठी माणसाला हा विषय जवळचा आणि थोडा बोचणाराही आहे.

गोवा मुक्त झाला डिसेंबर १९६१ मध्ये. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. विलीनीकरणवाद्यांचे म्हणणे होते की लोकांनी निवडून दिले, कौल मिळाला, आता विधानसभेतल्या बहुमताने ठरवा. विरोधकांचे म्हणणे, पक्षाला दिलेले मत म्हणजे विलीनीकरणाला दिलेले मत नव्हे, लोकांना थेट विचारा. संसदेने १९६६ मध्ये कायदा केला, कारभार निःपक्ष राहावा म्हणून मतदानाआधी बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि १६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१.

त्यानंतर काही महिन्यांतच गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. त्यांना ते नेते म्हणून हवे होते, विलीनीकरण नको होते. थेट विचारले नसते तर 'निवडून दिले म्हणजे संमती दिली' हाच अर्थ कायमचा चिकटला असता. सोसायटीच्या कमिटीचेही तेच चालले होते: आम्ही बिनविरोध निवडून आलो, म्हणजे रिडेव्हलपमेंटला पाठिंबा आहेच.

गोव्याच्या मतपत्रिकेवर स्वतंत्र राज्य हा पर्याय नव्हता. दोनच खुणा, दोनच वाटा. ज्याला गोवा हे स्वतःचे राज्य म्हणून हवे होते त्याला त्यातल्या त्यात जवळची खूण शोधावी लागली. स्वतंत्र राज्य झाले ३० मे १९८७ ला, वीस वर्षांनी. पुढे जो पर्याय टिकला तो मतपत्रिकेवर छापलेलाच नव्हता.

हे बोलून झाल्यावर सभेचा सूर बदलला. कोणीतरी म्हणाले, "मग आपण तीन ओळी छापू." एकत्र पुनर्विकास, विभाजन करून ए-बीचा स्वतंत्र पुनर्विकास, आणि सोसायटी आहे तशी ठेवून मोठी दुरुस्ती.

तीन पर्याय आले की मोजणी कशी, हा पुढचा पेच. तेव्हा ब्रिटिशांच्या अमलाखाली असलेल्या, कॅनडाशेजारच्या न्यूफाउंडलंडमध्ये ३ जून १९४८ ला तीन पर्यायांवर मतदान झाले: स्वशासनाला ४४.६ टक्के, कॅनडात जाण्याला ४१.१, आणि ब्रिटिशांनी नेमलेल्या आयोगाचा कारभार चालू ठेवण्याला १४.३. 'ज्याला जास्त तो जिंकला' हा आपला नेहमीचा नियम लावला असता तर स्वशासन आले असते. पण कोणालाच निम्मी मते नाहीत म्हणून २२ जुलैला वरच्या दोघांत पुन्हा मतदान झाले आणि ५२.३ टक्क्यांनी कॅनडा जिंकला. पहिल्या फेरीत मागे असलेला पर्याय दुसऱ्या फेरीत पुढे गेला.

एक कागद, तीन चौकोन

कल चाचणीचा कागद पोस्टकार्डाएवढा होता. ए आणि बीसाठी पांढरा, सीसाठी पिवळा. तीन ओळी, प्रत्येक ओळीपुढे चौकोन, त्यात १, २, ३ असा पसंतीचा क्रम लिहायचा. नाव नाही, सही नाही. कागद टाकायला झाकणाला चीर पाडलेला पत्र्याचा डबा.

६३ घरांचे कागद आले. पार्किंगमध्ये कॅरम बोर्ड आडवा ठेवून त्यावर तीन गठ्ठे केले. पहिली पसंती अशी निघाली: एकत्र पुनर्विकास २८, दुरुस्ती १९, विभाजन १६. सचिव लगेच म्हणाले, "झालं की. एकत्र पुनर्विकास पहिला, विभाजन शेवटी."

मी त्यांना गठ्ठे तसेच राहू द्यायला सांगितले. आधी शेवटचा पर्याय बाद करून त्याची मते दुसऱ्या पसंतीकडे वळवली, काही देशांत करतात तसे. विभाजनाच्या १६ कागदांपैकी ९ जणांची दुसरी पसंती एकत्र पुनर्विकासाला, ७ जणांची दुरुस्तीला. म्हणजे ३७ विरुद्ध २६. पुन्हा एकत्र पुनर्विकासच पुढे, आणि ३७ म्हणजे ५१ टक्क्यांची अटही ओलांडलेली. ए-बीच्या बाजूने टाळ्या पडल्या.

मग तिसरी मोजणी. एका वेळी दोनच पर्याय घ्यायचे आणि प्रत्येक कागदावर त्या दोघांत वर कोण एवढेच बघायचे. दुरुस्तीवाल्यांचा १९ चा गठ्ठा मी एकेक कागद दाखवत उलगडला: १९ च्या १९ जणांनी दुसरी पसंती विभाजनाला दिली होती. एकत्र पुनर्विकासवाल्यांच्या २८ कागदांवरही दुसरे विभाजनच. त्यामुळे विभाजन विरुद्ध एकत्र पुनर्विकास: ३५–२८. विभाजन विरुद्ध दुरुस्ती: ४४–१९. पहिल्या पसंतीत शेवटी असलेला पर्याय समोरासमोर दोघांनाही हरवत होता. पिवळे कागद १९ आले होते. त्यांतही विभाजन दुरुस्तीच्या पुढे १३–६ आणि एकत्र पुनर्विकासाच्या पुढे १६–३.

ही समोरासमोरची कसोटी फ्रेंच विचारवंत कोंदोर्से यांनी अठराव्या शतकात मांडली. माझ्या मते अशा प्रसंगी तीच सर्वात न्याय्य आहे. जो पर्याय फार थोड्यांचा लाडका पण जवळजवळ सगळ्यांना सोसणारा असतो, तो पहिल्या पसंतीच्या मोजणीत चिरडला जातो आणि बाद करत जाण्याच्या पद्धतीत सर्वात आधी बाहेर पडतो. जिथे निकालानंतरही लोकांना एकाच नळाचे पाणी प्यायचे आहे, तिथे हा दोष फार महाग पडतो.

तेच कागद आणखी एक गोष्ट सांगत होते. कमिटीने आधी 'पुनर्विकास हवा की नको' एवढेच विचारले असते तर ३७–२६ ने तो मंजूर, विभाजनाचा विषयच आला नसता. आधी 'विभाजन हवे की आहे तसे राहायचे' असे विचारले असते तर ४४–१९, म्हणजे दोन-तृतीयांशांहून जास्त मतांनी विभाजन मंजूर. प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे हे ज्याच्या हातात, निकालही त्याच्याच हातात. विषयपत्रिका कमिटी ठरवते, आणि सभेला येणारे बहुतेक जण ती वाचतही नाहीत. हे मी सभेत जोर देऊन सांगितले. इथेही देतो.

सचिवांचा आक्षेप होता की कायद्याला ५१ टक्के पुरतात, मग हा खटाटोप कशाला. आक्षेप कायद्याच्या अंगाने बरोबर होता. पण ३७ जणांच्या बळावर वीस घरे पाडायला निघालो तर ती वीस घरे कोर्टात जातील आणि ए-बीचे ज्येष्ठ तोवर जिनेच चढत राहतील. सचिवांच्या स्वतःच्या वडिलांना तिसऱ्या मजल्यावरून खुर्चीत बसवून खाली आणावे लागते. त्यांनी रात्रभर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी कमिटीपुढे विभाजनाचा प्रस्ताव त्यांनीच मांडला.

उंबरठा आणि अटी

दोन ठरावांचे निकष वेगळे आहेत, हे सभासदांना नीट समजावे लागले. पुनर्विकासाचे ५१ टक्के एकूण सभासदांवर मोजतात, म्हणजे न आलेला माणूस 'नाही'त जमा. विभाजनाचे दोन-तृतीयांश हजर राहून मत देणाऱ्यांवर. १९७९ मध्ये स्कॉटलंडला विधिमंडळ देण्याच्या सार्वमतात ५१.६ टक्के मते बाजूने पडली, तरी प्रस्ताव पडला, कारण एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांची अट होती आणि बाजूची मते जेमतेम ३२.९ टक्के भरली. त्याची सल तिथे वर्षानुवर्षे राहिली. उलट टोक स्पेनमधल्या कॅटलोनियाचे: १ ऑक्टोबर २०१७ च्या मतदानात ९० टक्के स्वातंत्र्याच्या बाजूने, पण मतदान ४३ टक्के, कारण विरोधकांनी पाठ फिरवली आणि स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने त्याला आधीच स्थगिती दिलेली. मॉन्टेनेग्रोत २००६ साली सर्बियापासून वेगळे होण्यासाठी ५५ टक्क्यांची अट आधीच दोन्ही बाजूंनी मान्य केली होती. ५५.५ टक्के पडले आणि देश वेगळा झाला.

ब्रिटनने २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडायचे ५१.९ टक्क्यांनी ठरवले, पण कसे पडायचे हे मतदानानंतर शोधले. तसे होऊ नये म्हणून आम्ही अटी आधी लिहिल्या. बोअरवेल सी विंगच्या बाजूला, ट्रान्सफॉर्मर ए विंगच्या मागे, मुख्य फाटक आणि रस्ता बीच्या समोरून. रस्त्याचा वहिवाटीचा हक्क दोघांना कायम, बोअरवेलचे पाणी ए-बीला बांधकाम सुरू होईपर्यंत, सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी साठवलेला राखीव निधी) सदनिकांच्या प्रमाणात. एफएसआयच्या वाटणीवर सर्वात जास्त वेळ गेला. सी विंगने त्यांच्या वाट्याचा न वापरलेला काही भाग ए-बीच्या प्रकल्पाला द्यायचे कबूल केले, तेव्हा गाडी पुढे सरकली.

विशेष सर्वसाधारण सभेत ६२ वैध मते पडली. ४७ बाजूने, १५ विरोधात. लागत होती ४२. सी विंगमध्ये १७ बाजूने, ३ विरोधात. प्रस्ताव आता सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे आहे. भूखंडाच्या विभागणीचे महापालिकेचे काम त्यानंतर.

विरोधातल्या त्या तीन घरांपैकी दोघांनी नव्या सोसायटीकडून एक लेखी हमी घेतली: पुढे सी विंगसाठी विकसकाचा प्रस्ताव आला तर तो कमिटीच्या पातळीवर परत न पाठवता सर्वसाधारण सभेपुढे ठेवायचा. तिसऱ्याने मात्र उपनिबंधकांकडे हरकत दाखल केली आहे. त्याचे म्हणणे असे की त्याने घर घेतले ते ६८ जणांच्या सोसायटीत, जिथे पुनर्विकासाला बहुमत होते. त्याला न विचारता त्याला अशा गटात टाकले जात आहे जिथे ते बहुमत कधीच होणार नाही. हा मुद्दा मला खोडता आलेला नाही. हरकत सविस्तर लिहून द्या असे मीच त्याला सांगितले. सी विंगच्या प्रतिनिधींनीही तिला उत्तर देताना कल चाचणीचे सगळे आकडे, त्यांच्या विरोधात जाणारे धरून, फाइलला जोडायचे मान्य केले आहे. सुनावणी अजून व्हायची आहे.